वार पुरली तिथवर

गेल्या उन्हाळ्यात जव्हारच्या एसटी स्टँडवर एक पाहुणी उतरली आणि ती कुठली यावरून टपरीवर वाद सुरू झाला. एकाच्या मते नेपाळी, दुसऱ्याच्या मते मणिपूरची. तिसरा म्हणाला, चिनी असणार, मोबाईलचं दुकान टाकायला आली असेल. तिला न्यायला मी गेले होते. ऊन डोक्यावर आलेलं, बस उशिरा आलेली, आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचं गाव ओळखणाऱ्यांचा मला पहिल्यापासून राग आहे.

"अमेरिकेची आहे," मी म्हणाले.

टपरीवाला हसला. "बाई, अमेरिकेचे लोक आम्ही बघितले नाहीत का? शिरपामाळला येतात की. गोरे असतात."

तो काय म्हणतो, असं पाहुणीनं मला विचारलं. मी सांगितलं तर तीही हसली. म्हणाली, अमेरिकेतही मला हेच विचारतात, मूळची कुठली? लाओस देशातली म्हटलं की विचारतात, म्हणजे लाओ का? नाही म्हटलं की, मग कोण? "ह्मोंग," ती टपरीवाल्याला म्हणाली. त्यानं तो शब्द एकदोनदा तोंडात घोळवला, मान डोलावली आणि चहात साखर किती घालू ते विचारलं. त्याच्यापुरता प्रश्न मिटला.

मी जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेत इंग्रजी शिकवते. पाहुणी तिकडे शेतकऱ्यांना बियाण्यांचा सल्ला देण्याचं काम करते आणि इथल्या एका बियाणं जपणाऱ्या गटानं तिला नागली, वरई आणि डोंगरउतारावरचा भात बघायला बोलावलं होतं. आधी आलेल्या पाहुण्यांसाठी पुण्याहून दुभाष्या आणला होता, त्याची पाड्यावर भंबेरी उडाली. आमच्याकडे जो तो आपल्या घरच्या बोलीच्या अंगानं मराठी बोलतो, पुस्तकातली मराठी तिथं चालत नाही. म्हणून या वेळी मला सांगितलं. शाळेला सुट्टी होती. तसंही घरी बसून मी आईशी भांडणच केलं असतं.

जामसरला गेलो तेव्हा राब भाजून झाले होते. ज्या तुकड्यावर भाताचं रोप टाकायचं तिथं फांद्या, पाला आणि शेण पसरून पावसाआधी जाळतात, तो राब. पाहुणी त्या काळ्या तुकड्याशी उकिडवी बसली आणि तिनं राख चिमटीत घेऊन हुंगली. तिची आई डोंगरात झाडं तोडून, जाळून, त्या राखेत भात पेरायची. हे तिनं जन्मभर ऐकलेलं, बघितलं मात्र कधीच नव्हतं. "मी बियाण्यांवर भाषणं देते," ती म्हणाली, "आणि हा वास मला आज कळतोय." शेतकरी बाईला वाटलं हिला राख हवी आहे. तिनं पिशवी भरून दिली. अमेरिकेच्या विमानात राख नेता येत नाही हे त्या बाईला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

तिच्या लोकांची हकिगत मला कळली ती शिरपामाळावर. महाराज सुरतेला जाताना इथं मुक्कामाला थांबले होते, हे मी तिला अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, एका मुक्कामाची एवढी आठवण? मग तिनं आपल्या लोकांचे मुक्काम सांगितले. फार मागे ते चीनमध्ये होते. तिथल्या राजांशी लढत, हरत, दक्षिणेकडे सरकत ते डोंगरांत वर वर चढत गेले, कारण खालची सपाट जमीन नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असायची. लाओसच्या डोंगरांत भात, मका आणि अफू पिकवून राहिले. मग शेजारच्या देशात अमेरिकेची लढाई पेटली आणि अमेरिकेनं गुपचूप या डोंगरातल्या पोरांच्या हातात बंदुका दिल्या. लढाई हरल्यावर अमेरिकेचे लोक विमानात बसून गेले. बंदुका दिलेली माणसं आणि त्यांची बायकापोरं तिथंच राहिली. नव्या सरकारचे सैनिक त्यांना शोधत फिरू लागले. मग जंगलातून चालत मेकाँग नदीपर्यंत, नदीपलीकडे थायलंडच्या छावण्यांत, आणि तिथून जो देश घेईल तिकडे. कुणी फ्रान्सला, कुणी ऑस्ट्रेलियाला, बरेचसे अमेरिकेतल्या बर्फाळ गावांत. पाहुणी छावणीत जन्मली.

हे ती बियाण्यांची नावं सांगावीत तितक्या शांतपणे सांगत होती. मला मात्र राग आला. मी म्हणाले, "तुम्हाला तरी दर वर्षी जावं लागलं नाही."

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर गेलो. निम्म्या घरांना कुलपं. कुणी मेलंय का, असं तिनं दबक्या आवाजात विचारलं. मी म्हणाले, भट्टीवर गेलेत. मग तिला सगळं सांगावंच लागलं. आम्ही कातकरी. माझ्या बापाला जमीन नव्हती, आजाला नव्हती. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची आणि भांडी, कोंबड्या, पोरं सगळं घेऊन आम्ही भिवंडीकडे नाही तर वसईकडे वीटभट्टीवर जायचो. पावसाच्या तोंडावर परत. दर वर्षी नवी भट्टी, नवी पेंढ्याची खोपी. मी सातव्या इयत्तेपासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिले म्हणून सुटले, बाकीचे अजून जातात. पाहुणी त्या कुलपांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काल तू रागावलीस ते बरोबर होतं." असं कुणी कबूल केलं की माझा राग एकदम उतरतो, आणि मग मला स्वतःचाच राग येतो.

ती उतरली होती त्या लॉजवर लग्नाचं वऱ्हाड आलं आणि रात्रभर बँड वाजू लागला, म्हणून मी तिला घरी आणलं. जव्हारात माझ्या दोन खोल्या आहेत, एकीत आई, एकीत मी. आईनं पाहुणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मला आमच्या बोलीत म्हणाली, "ही कंची अमेरिकेची? ही तं आपल्यातलीच दिसते. माझ्या मावशीचं नाक असंच होतं." पाहुणीनं नागलीची भाकरी आणि सुकटाची चटणी हातानं खाल्ली, वर परत मागितली. झालं. त्या दिवसापासून घरात माझी किंमत दुसऱ्या नंबरला गेली.

रोज सकाळी चहाच्या वेळेला पाहुणी आपल्या आईला व्हिडिओ कॉल करायची. तिकडे तेव्हा संध्याकाळ असे. फोनमध्ये एक सुरकुतलेली म्हातारी दिसायची, उशीला टेकलेली, नाकाला प्राणवायूची नळी. तिचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. बियाण्यांचा हा दौरा रद्द करते, असं लेक म्हणाली तेव्हा म्हातारीनंच तिला हट्टानं पाठवलं होतं. माझी आई रोज मागे उभी राहून फोनमध्ये डोकवायची. म्हातारीला हात करायची. म्हातारीही करायची.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की कॉल रोज एकाच ठिकाणी अडतो. पाहुणी काहीतरी विचारते, म्हातारी सांगू लागते, सांगत सांगत थांबते, आणि तोंड भिंतीकडे करते. मी विचारलं. पाहुणीनं चहाचा कप खाली ठेवला आणि मला सांगितलं.

त्यांच्यात माणूस मेला की एक जाणता माणूस त्याच्या जिवाला वाट सांगतो. जिथं मेला तिथून सुरुवात करायची आणि जन्मभर जिथं जिथं राहिला ती प्रत्येक जागा नाव घेऊन उलटी सांगत जायची. प्रत्येक जागेच्या देवाला म्हणायचं, तुझं पाणी प्यायलो, तुझी लाकडं जाळली, आता जातो. असं करत करत जन्माच्या गावी पोचायचं. तिथं त्याची वार, म्हणजे जन्माच्या वेळी नाळेसोबत पडलेली, पुरलेली असते, मुलाची घराच्या मधल्या खांबापाशी, मुलीची आईबापांच्या झोपायच्या जागेखाली. जीव ती वार अंगरख्यासारखी अंगात घालतो आणि मगच पूर्वजांकडे जाऊ शकतो. मधली एक जागा चुकली तर जीव तिथंच घुटमळतो.

पाहुणीच्या आईच्या अमेरिकेतल्या जागा सगळ्यांना ठाऊक होत्या. छावण्याही ठाऊक होत्या. छावणीच्या मागे नदी, आणि नदीच्या मागची गावं फक्त म्हातारीला माहीत. नवरा गेला, दीर गेले, बरोबरचं कुणी उरलं नाही. आणि म्हातारी रोज छावणीपर्यंत येऊन थांबत होती. नदीपाशी काय झालं, असं पाहुणी विचारायची. म्हातारी म्हणायची, आज नको. "तिच्याकडे फार दिवस नाहीत," पाहुणी म्हणाली. "ती न सांगता गेली तर आम्ही तिला नदीच्या अलीकडेच सोडून देणार." हे सांगताना ती पहिल्यांदा रडली.

मी हे आईला सांगितलं. वारेचं ऐकून आईला काही नवल वाटलं नाही, ती म्हणाली, पुरायलाच लागते, नाही तर कुत्री खातील. मग मी विचारलं, "माझी कुठं पुरलीस गं?"

"भिवंडीकडं, अंजूरफाट्याच्या अलीकडं. भट्टीवरच्या खोपीच्या मागं. वर दगड ठेवला होता."

तिथं आता गोदामं आहेत. म्हणजे माझ्या वारेवर ट्रक उभे असतात. मला आधी हसू आलं आणि मग बराच वेळ बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी पाहुणीनं हिय्या केला. अमेरिकेत शिकलेली ती, तिला वाटलं स्पष्ट विचारावं. तिनं म्हातारीला सरळ विचारलं की नदीत कुणी बुडालं का, कुणाला गोळी लागली का. म्हातारीनं फोन उताणा टाकला. आम्हाला तिच्या खोलीचं छत दिसत राहिलं. पाहुणी हाका मारत राहिली. मग कुणीतरी तिकडून कॉल बंद केला.

आई चुलीपाशी होती. गॅस आहे, तरी मागच्या पडवीत तिची चूल आहेच. ती तिथूनच कडाडली, "हिला सांग, असं इचारतात का? पोलीस हाय का ही?"

"मग कसं विचारायचं?" मी म्हणाले. मीही वैतागलेच होते.

"दुःखाच्या घरी बाई गेली तं आधी आपलं मेलेलं काढते. आपलं रडते. मंग त्या घरची रडते. दुसरीचं आधी मागायचं नाय."

हे खरं होतं, मी लहानपणापासून बघितलं होतं. आमच्या बाया कुणाच्या मयताला गेल्या की आधी आपली मेलेली माणसं नावानं हाक मारून रडतात. वसतिगृहात गेल्यावर मला त्याची लाज वाटायची, वाटायचं, दुसऱ्याच्या दारात आपलं गाऱ्हाणं कशाला? आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, ही म्हण मी मराठीच्या पुस्तकात शिकले. आमच्या बायांचं नेमकं उलटं आहे.

"उद्या माला फोन दे," आई म्हणाली.

सकाळी तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं आणि फोनसमोर मांडी घालून बसली. म्हातारी आली. चेहरा अजून रुसलेला होता. आईनं हात केला. मग सांगायला लागली. आईची बोली मी इंग्रजीत करायची, ती पाहुणीनं ह्मोंगमध्ये. त्यामुळे आई एक वाक्य बोलून थांबायची आणि ते त्या टोकाला पोचेपर्यंत म्हातारीचा चेहरा बघत राहायची.

"बहिणी, माझा पयला पोरगा. भट्टीवर होता. मी इटा थापायची, तो झोळीत. रडला की मुकादम वरडायचा, पोर सांभाळायला आली का काम करायला? मंग मी मोहाच्या दारूत बोट बुडवून त्याच्या तोंडात द्यायची. झोपायचा. सगळ्याच बाया देत. एका दुपारी पाजायला गेली, तं उठला नाय."

मी तिथं थांबले. मला एक भाऊ होता हे मला ठाऊक होतं. तो तापानं गेला असं मला सांगितलं होतं, आणि सबंध जन्मात मी त्यावर दुसरा प्रश्न विचारला नव्हता. पाहुणी माझ्या तोंडाकडे बघत होती. आई म्हणाली, "सांग तिला. थांबू नको." मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तो मुकादमावर की भट्टीवर की आईवर तेही कळत नव्हतं. मी सांगितलं. पाहुणीनं ऐकलं, डोळे मिटले आणि आपल्या भाषेत पुढे दिलं.

म्हातारीनं नाकाची नळी सारखी केली. मग ती बोलायला लागली, एका सुरात, न थांबता. पाहुणी सुरुवातीला इंग्रजीत सांगायला विसरलीच. मग तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं.

नदीकाठी सैनिक होते. पोर रडलं की सगळेच मरणार. सगळ्या बाया पोरांना अफू देत होत्या, पाण्यात खलून, थोडी थोडी. म्हातारीनं आपल्या काही महिन्यांच्या मुलाला दिली आणि त्याला पाठीला बांधलं. बांबूच्या तराफ्यावरून ओलांडताना तो एकदाही रडला नाही. किती शहाणं पोर, असं तिला वाटलं होतं. पलीकडे वाळूवर उतरून सोडला तेव्हा तो गार होता. तिथंच वाळूत पुरला. उन्हं वर येईपर्यंत ती तिथं बसून होती, मग नवऱ्यानं ओढून नेली. मागाहून जन्मलेल्या कुठल्याच मुलाला त्यांनी हे सांगितलं नाही.

"ती जागा टाकून मी पुढं जाणार नाही," म्हातारी म्हणाली. "पण तिचं नाव काय सांगू? तिथं कुणी राहत नाही. पावसात ती वाळू पाण्याखाली जाते. तिला नावच नाही. नाव नसलं तर वाट सांगणारा काय हाक मारेल?"

इतक्या वर्षांचा हा अडसर होता. मी दुभाषी. मी ते आईला सांगितलं.

आईला फार विचार करावा लागला नाही. "आमच्या भट्ट्यांना तरी कुठं नाव असतं? शेठचं नाव, तो शेठ बदलला की दुसरं. मी त्या भट्टीला माझ्या पोराचं नाव ठेवलंय. कोणाला सांगितलं नाय, मनात ठेवलंय. पोर तिथं हाय, तं जागा त्याची. तिला इचार, तिच्या पोराचं बारसं झालं होतं का?"

झालं होतं. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी जिवाला हाक मारून नाव ठेवतात.

म्हातारीनं ते नाव घेतलं. मी ते इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे. पन्नाशीला आलेली पाहुणी आपल्या भावाचं नाव पहिल्यांदा ऐकत होती. तिनं ते मागोमाग म्हटलं. म्हातारीनं मान हलवली आणि पुन्हा म्हणायला लावलं. त्यांच्या भाषेत सूर चढवावा की उतरवावा यावर सगळं असतं आणि लेकीचा सूर अमेरिकेत वाढलेला. दोघी कितीतरी वेळ तेच करत बसल्या, एखाद्या शाळेत बसल्यासारख्या. शेवटी म्हातारी हसली. आणि मग नदीच्या मागची गावं सांगायला लागली. एकामागून एक, डोंगरावरची, ओढ्याकाठची, जळालेली, सोडून दिलेली, पार त्या घरापर्यंत जिथं तिच्या आईबापांच्या झोपायच्या जागेखाली तिची वार होती. पाहुणी प्रत्येक नाव मागोमाग म्हणत गेली.

फोन बंद झाला तेव्हा चहा कधीचा गार झाला होता. पाहुणी माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या दिवसाला वाट सांगायला तूच हायस. भट्टी आता नाय, पण पोरगा तिथंच हाय."

मग तिनं माझ्या भावाचं नाव घेतलं.

"म्हण," ती म्हणाली.